बिल्टीवरच बुडणारे दावे

महोदय,

मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापुरात सुरू झाले. त्यासाठी इथल्या वकिलांनी वर्षानुवर्षे रेटा लावला, त्याचे मोल मोठे आहे. पण छोट्या व्यापाऱ्याचा वाहतुकीतील नुकसानीचा दावा कोर्टाची पायरी चढण्याआधीच, हुंडेकऱ्याच्या (मालवाहतूक ठरवून देणाऱ्या एजंटाच्या) टेबलावर बुडतो. तिथे त्याला कायदा समजावून सांगणारे कोणी नसते.

शाहूपुरीतून गूळ गुजरातला जातो. पावसात ट्रकवरची ताडपत्री फाटली की गुळाचे रवे (ढेपा) पाघळतात. बिल्टीवर, म्हणजे वाहतूकदाराच्या पावतीवर, 'ओनर्स रिस्क'चा (जोखीम मालाच्या मालकाची) शिक्का असतो आणि तो दाखवला की व्यापारी गप्प बसतो. वास्तविक, असा शिक्का मारला म्हणून वाहतूकदाराच्या निष्काळजीपणाची जबाबदारी संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच स्पष्ट केले आहे. 2019 आणि 2021 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला, तो प्रसंग वेगळा. भोक पडलेली ताडपत्री ही नैसर्गिक आपत्ती कशी?

मात्र मार्च 2011 पासून लागू असलेल्या रस्ते मालवाहतूक कायद्यात दोन गोष्टी फार महत्त्वाच्या आहेत. माल देताना त्याची किंमत लेखी जाहीर करून जादा जोखमीचा दर ठरवला नसेल, तर भरपाई भाड्याच्या दहा पटीपुरतीच मिळते. समजा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतला 2 लाखांचा कास्टिंगचा (ओतीव भागांचा) लॉट 3 हजार भाड्याने गेला आणि वाटेत गहाळ झाला, तर हाती येणार 30 हजार. दुसरे म्हणजे, दावा लावायचा तर बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांत लेखी नोटीस पोचलीच पाहिजे. 'बघतो शेठ, पुढच्या भाड्यात वळते करू,' हे ऐकता ऐकता दिवाळी जाते, पाडवा जातो आणि मुदतही जाते. माझ्या ओळखीतले कितीतरी जण असेच हात चोळत बसले आहेत.

ट्रकमालकही वाऱ्यावरच असतो. गाडी घाटात बंद पडून ई-वे बिलाची (मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची) मुदत संपली, तर संपल्यानंतरच्या 8 तासांतही ती वाढवून घेता येते. हे ठाऊक नसले की गाडी अडकते आणि कराच्या दुप्पट दंडाची नोटीस हातात पडते.

मोठ्या कंपन्यांचे वकील पगारी असतात. आपल्या व्यापारी आणि हुंडेकरी संघटनांनी वर्गणीतून एक जाणकार वकील नेमावा, नोटिशीचा मराठी नमुना प्रत्येक आडतीत लावावा. मालवाहतुकीचे 1 कोटीपर्यंतचे वाद कोर्ट फी न भरता कायम लोकअदालतीपुढे नेण्याची तरतूद कायद्यात आहे. कोल्हापूरकरांनी त्यासाठी नेमका कुठे अर्ज करायचा, हे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने मार्केट यार्डात आणि एमआयडीसीत फलक लावून सांगावे. गुळाचा हंगाम सुरू होण्याआधी एवढे व्हावे, ही विनंती.

– एक गूळ व्यापारी, शाहूपुरी, कोल्हापूर