सेंट ऑगस्टीनचा किल्ला आणि तुमचं फेब्रुवारीचं तिकीट

अटलांटा,
१२ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही दोघं आमच्या सेंट ऑगस्टीनच्या सहलीबद्दल एकाच वेळी विचारत होतात. बाबांना किल्ल्याचं ऐकायचं होतं आणि आईला खाण्यापिण्याचं, त्यामुळे एकाचंही धड सांगून झालं नाही. म्हणून आज सगळं कागदावर उतरवते. बाबा, चष्मा शोधून ठेवा, पत्र लांबणार आहे.

सेंट ऑगस्टीन हे फ्लोरिडाच्या ईशान्य किनाऱ्यावरचं गाव. स्पेनच्या लोकांनी ते १५६५ साली वसवलं आणि तेव्हापासून ते नांदतं आहे. युरोपातून आलेल्या लोकांनी आजच्या अमेरिकी संघराज्याच्या मुख्य भूमीवर वसवलेल्या आणि मध्ये कधीही ओस न पडलेल्या गावांत ते सर्वांत जुनं. आमच्याकडून गाडीने सहा तास लागतात. मेकन ते सव्हाना हा रस्ता सरळसोट, दोन्ही बाजूंना पाइनची झाडं, ना चढ ना वळण. खंबाटकी आणि पसरणी उतरलेल्या माणसाला तिथे झोप आली नाही तरच नवल. तुमचे जावई गाडी चालवत होते आणि त्यांचे डोळे मिटू नयेत म्हणून मी अखंड बोलत होते. सव्हानाला जेवायला थांबलो, चौकाचौकांतल्या मोठाल्या ओक झाडांखालून थोडं हिंडलो आणि दिवे लागायच्या सुमारास मुक्कामी पोचलो.

नोव्हेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत या गावात घरोघरी, झाडोझाडी दिव्यांची रोषणाई असते. तेव्हा गाडी लावायला जागा मिळत नाही. उन्हाळ्यात शाळांना सुट्ट्या लागल्या की पुन्हा तीच गर्दी. आम्ही गेलो ते मधल्या भाकड दिवसांत, तेही शनिवार-रविवार टाळून. बाबा, ही तुमचीच शिकवण. मे महिन्यात अख्खं पुणं-मुंबई महाबळेश्वरला लोटायचं तेव्हा तुम्ही आम्हाला साताऱ्यातल्या पोवई नाक्याच्या पुढे नेत नव्हता, आणि थंडीतल्या एखाद्या मंगळवारी एसटीत बसवून प्रतापगड दाखवायचात. त्या दिवशी बुरुजावर आपण सोडून कुणी नसायचं. मला वाटायचं, बाकीच्यांची मजा होते आणि आपली राहते. आता कळतं, गड आमच्या वाट्याला पुरता यावा म्हणून तुम्ही तसं करत होतात.

तर किल्ला. त्याचं नाव कास्तिलो दे सान मार्कोस. अगदी पाण्याकाठी, चार कोपऱ्यांना चार टोकदार बुरूज, भोवती खंदक. बांधायला सुरुवात झाली ऑक्टोबर १६७२ मध्ये. बाबा, आता जुळवून बघा. महाराजांनी आपला साताऱ्याचा किल्ला, आजचा अजिंक्यतारा, घेतला १६७३ मध्ये आणि राज्याभिषेक १६७४ मध्ये. म्हणजे रायगडावर राज्याभिषेकाची तयारी चालली होती तेव्हा इकडे या भिंतींचे थर चढत होते. काम पुरं झालं १६९५ साली. त्याआधी तिथे एकामागून एक लाकडी किल्ले झाले. ते कुजायचे, जळायचे. १६६८ मध्ये इंग्रज चाच्यांनी गाव लुटलं, पाठोपाठ १६७० मध्ये इंग्रजांनी उत्तरेला चार्ल्सटनची वसाहत थाटली, तेव्हा कुठे स्पेनच्या दरबाराने दगडी किल्ल्यासाठी हात सैल सोडला.

पण दगड आणायचा कुठून? फ्लोरिडात आपल्यासारखा काळा कातळ नाही. समोरच्या अनास्तासिया बेटावर सापडतो तो कोकिना नावाचा दगड, हजारो वर्षांत बारीक शिंपले एकमेकांना चिकटून झालेला. मी भिंतीला नाक लावून बघितलं. चुरमुऱ्याच्या लाडवात चुरमुरा न् चुरमुरा वेगळा दिसतो, तसा एकेक शिंपला वेगळा दिसतो, मध्ये मध्ये पोकळी. काही शिंपल्यांवर अजून फिकट गुलाबी छटा शिल्लक आहे. खाणीतून ओला काढताना हा दगड मऊ असतो आणि उघड्यावर वाळला की कठीण होतो. चुनासुद्धा कालवांचे शिंपले भाजून केलेला. खाणीत राबले ते तिथले मूळ रहिवासी, त्यांच्या जोडीला कैदी आणि गुलाम. किल्ला स्पेनचा म्हणायचा, पण हात या लोकांचे.

एवढ्या ठिसूळ दिसणाऱ्या दगडाने तोफा कशा सोसल्या, हे तिथल्या रेंजरबाईंनी समजावून सांगितलं. गर्दी नसल्याने अर्धा तास त्या आम्हा दोघांसाठीच उभ्या होत्या. कठीण दगडावर गोळा आदळला की दगड तडकतो, फुटतो, भिंतीला खिंडार पडतं. कोकिनात पोकळी असल्यामुळे दगड आतल्या आत दबतो, गोळा रुतून बसतो आणि भिंत उभी राहते. १७४० मध्ये इंग्रजांच्या जॉर्जिया वसाहतीचा संस्थापक ऑगलथॉर्प याने २७ दिवस तोफा डागल्या. ज्या सव्हानात आम्ही जेवलो ते याच माणसाने वसवलेलं. त्याच्या गोळ्यांनी किल्ला पडला नाही. हा किल्ला लढून कधीच कुणाला घेता आलेला नाही. पुढे तो इंग्रजांकडे गेला, परत स्पेनकडे आला, १८२१ मध्ये अमेरिकेकडे गेला, तो दरवेळी कागदावर सह्या होऊन.

मला मात्र त्याच्या आधीचा वेढा जास्त लागला, १७०२ चा. उत्तरेकडच्या कॅरोलिना या इंग्रज वसाहतीतून गव्हर्नर मूर फौज घेऊन नोव्हेंबरात आला. गावातली सगळी माणसं, बायका, पोरं, म्हातारे किल्ल्यात शिरले. सैनिक धरून सुमारे १५०० माणसं. मधल्या चौकात उभं राहिलं की कळतं, ही जागा दीड हजार लोकांची नाहीच. आपल्या राजवाड्यासमोरच्या मैदानात ती मोकळी वाटतील, इथे दाटीवाटीने बसली असतील. जवळपास दोन महिने ती तशी राहिली. एका कोपऱ्यात विहीर आहे, तिच्यामुळे निभावलं. शेवटी हवानाहून स्पेनची जहाजं आली तेव्हा मूर पळाला, पण जाताना गाव जाळून गेला. लोक दरवाजातून बाहेर आले ते राखेतच.

बाबा, तिथे उभी असताना मला सारखा आपला वेढा आठवत होता. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेब स्वतः साताऱ्याला आला, करंज्याला छावणी पडली. वर किल्लेदार प्रयागजी प्रभू. वेढा चालू असतानाच मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराज गेले. एप्रिलमध्ये सुरुंग उडवले, त्यातला एक उलटून मोगलांच्याच अंगावर तट कोसळला आणि त्यांचीच कित्येक माणसं गाडली गेली. तरी दाणागोटा संपत आल्यावर किल्ला द्यावा लागला आणि त्याचा आझमतारा झाला. दोन वेढ्यांत जेमतेम अडीच वर्षांचं अंतर. हे सगळं तुम्ही मंगळाईच्या देवळाकडे चढताना, धाप लागलेली असतानाही, न थांबता सांगायचात. रेंजरबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी खिशातून वही काढली आणि अजिंक्यताऱ्याचं नाव मला विचारून विचारून लिहून घेतलं. मला फार भरून आलं.

पहारेकऱ्यांच्या खोलीत भिंतीच्या गिलाव्यावर कुणी शिपायाने टोकदार वस्तूने कोरलेली जहाजं आहेत. डोलकाठ्या, शिडं, दोऱ्यासुद्धा. घराकडे जाणाऱ्या जहाजाची वाट बघत बसलेल्या माणसाशिवाय इतकं बारकाईने कोण काढणार? आता त्यावर काच लावली आहे. त्याच किल्ल्यात १८३७ मध्ये सेमिनोल या तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमातीच्या ओसिओला नावाच्या पुढाऱ्याला आणून ठेवलं होतं. तो बोलणी करायला पांढऱ्या निशाणाखाली आला होता आणि तशातच त्याला धरलं. पुढच्या जानेवारीत दुसऱ्या किल्ल्यात कैदेतच तो वारला. त्याच सुमाराला, १८३९ मध्ये, आपल्या प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढून काशीला पाठवलं. जगाच्या दोन टोकांना तीच रीत.

दुसऱ्या दिवशी फोर्ट मोसेला गेलो. गावाच्या उत्तरेला, खाजणाच्या कडेला. पर्यटक तिथे कमी जातात आणि मला ते चुकीचं वाटतं. कॅरोलिनातल्या इंग्रजांच्या मळ्यांवरून जीव घेऊन पळालेले आफ्रिकन गुलाम दलदल तुडवत इथवर यायचे, कारण स्पेनच्या राजाने जाहीर केलं होतं की जो कॅथलिक होईल आणि फौजेत नोकरी करील तो मोकळा. १७३८ साली त्यांना इथे स्वतःचं गाव आणि छोटा किल्ला मिळाला. आज जो प्रदेश अमेरिका म्हणवतो त्यातली कायद्याने मान्य झालेली मुक्त काळ्या लोकांची ही पहिली वस्ती. फ्रान्सिस्को मेनेन्देस हा त्यांचा कप्तान. १७४० मध्ये ऑगलथॉर्पची माणसं मोसेत घुसली, तेव्हा यांनीच स्पॅनिश सैनिकांबरोबर पहाटे हल्ला करून ती जागा परत घेतली. आता मूळ जागेवर खाजणच आहे. लाकडी पुलावरून चालत गेलो, वारा इतका की बोललेलं ऐकू येत नव्हतं. इथल्या शाळांत पहिल्या वसाहतींची गोष्ट सांगतात ती बहुधा उत्तरेकडच्या इंग्रजांची. माझ्या मते ती मोसेपासूनही सांगायला हवी.

आता आई, तुझ्यासाठी. तिथे दातिल नावाची मिरची पिकते. बोटाच्या पेराएवढी, पिकली की पिवळी-केशरी, चवीला आधी किंचित गोड आणि मग कानातून धूर. भूमध्य समुद्रातल्या मिनोर्का बेटावरची आणि आसपासची माणसं १७६८ मध्ये दक्षिणेला न्यू स्मर्नाच्या निळीच्या मळ्यावर आणली गेली. तिथे इतके हाल झाले, इतकी माणसं मेली की उरलेली १७७७ मध्ये मळा सोडून सेंट ऑगस्टीनच्या आश्रयाला आली. त्यांची घराणी अजून गावात आहेत आणि ही मिरची त्यांच्याच स्वयंपाकातली. शिंपल्यांचं टोमॅटो घातलेलं दाट लाल कालवण असतं, त्यात ती पडते. मी दोन वाट्या खाल्ल्या. दुकानातल्या बाई बरणीतला सॉस चमच्यावर देऊन चेहऱ्याकडे बघत राहिल्या. तुमच्या जावयांनी पाणी मागितलं नाही, तेव्हा त्यांनी विचारलं, तुम्ही कुठले? तुझ्या खर्ड्यावर वाढलेली जीभ आहे, एवढंच मी सांगितलं.

त्याच बाईंनी दाराच्या चौकटीला हात लावून दाखवलं, २०१६ च्या मॅथ्यू वादळात पाणी इथवर, आणि पुढच्याच वर्षी इर्मात पुन्हा. तुमचे जावई सांगलीचे. ते लगेच त्यांना २०१९ चा कृष्णेचा पूर सांगायला लागले. कुठल्या चौकात होड्या फिरल्या, माळ्यावर काय काय चढवलं, चिखल काढायला किती दिवस गेले. दोघं भिजलेल्या गाद्या आणि फुगलेल्या दारांबद्दल इतक्या आपुलकीने बोलत होते की मी बाजूला उभी राहून ऐकत राहिले. गर्दीच्या दिवसांत त्यांना आमच्याशी बोलायला वेळ मिळाला नसता.

म्हणून हट्टाने सांगते, तुम्ही जूनमध्ये येऊ नका. सगळे जूनमध्ये येतात हे खरं, पण फ्लोरिडात तेव्हा अंगाची लाही होते आणि वादळांचा हंगाम १ जूनपासून धरतात. पुढच्या वर्षी आईचं संक्रांतीचं हळदीकुंकू आटोपू दे, रथसप्तमी होऊ दे आणि मग निघा. थंडी असते, पण साताऱ्याच्या डिसेंबराला सरावलेल्या माणसाने घाबरावं अशी नाही. आई, किल्ल्याच्या चौकात बसायला बाक आहेत, तू जिना चढलीच पाहिजेस असं काही नाही. बाबांसाठी बेटावर १८७४ चं दीपगृह आहे, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं, २१९ पायऱ्या. रोज अजिंक्यतारा चढणाऱ्याला त्याचं काय! शनिवार-रविवारी किल्ल्यावर तोफ उडवून दाखवतात, ती आम्हाला बघायला मिळाली नाही. तुम्ही आलात की मुक्काम शनिवारपर्यंत लांबवू म्हणजे तीही होईल.

दादाला सांगून ठेवा, तिकीट फेब्रुवारीचंच बघायचं आणि मधला थांबा लांबचा असलेलं नको, आईचे पाय सुजतात. आई, डॉक्टरांनी दिलेला गुडघ्याचा व्यायाम रोज कर, मी फोनवर विचारणार आहे. येताना मोती चौकातले कंदी पेढे आणा, एक डबा आम्हाला आणि एक त्या रेंजरबाईंना. बाबा, वेढ्याची सगळी हकीकत तारखांसकट एका वहीत नीट लिहून आणा. त्यांनी विचारलेल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं मला देता आली नाहीत, आणि ती तुमच्या तोंडून त्यांना ऐकवायचं मी कबूल करून आले आहे.

काका-काकूंना नमस्कार, छोट्यांना आशीर्वाद.

तुमची लेक