खारेपाटाला ‘पडीक’ म्हणू नका

माननीय संपादक महोदय,
सादर नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत खाडीकाठच्या कोळंबी प्रकल्पांवरचा लेख वाचला. मेहनतीने लिहिलेला आहे, फोटोही बोलके आहेत. पण त्यात खाडीलगतच्या जमिनीला तीनदा ‘पडीक’ म्हटलंय, आणि ते वाचून मला राहवेना. पडीक म्हणजे जिथे कोणी काही पिकवत नाही ती जमीन. खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या या खारट जमिनीच्या पट्ट्यात, तर भात आणि मासा पिढ्यान्‌पिढ्या एकाच बांधाआड होत आलेत. मी राहते बडोद्यात, दांडिया बाजारात. इथून हे लिहायचं कारण असं की आमच्यासारख्या अनेक घरांची नावं अजून अलिबाग-पेणकडच्या सातबाऱ्यांवर आहेत आणि त्या जमिनींसाठी आता दलालांचे फोन येऊ लागलेत. मला आला तो मागच्या महिन्यात. “बाई, खारट माती ती, तुमच्या काय कामाची?” असं तो गृहस्थ म्हणाला. आईच्या वाट्याचे ते काही गुंठे आहेत. ते माझ्या काय कामाचे, हे मी त्याला फोनवर सांगू शकले नाही. इथे सांगते.

लहानपणी दर उन्हाळ्यात आम्ही रात्रीच्या गाडीने मुंबईला जायचो, भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच, आणि पुढे एसटी. आजोळचं गाव खाडीच्या पातळीपेक्षा सखल. भरतीचं पाणी अडवायला मातीचा लांबलचक बाहेरकाठा, म्हणजे खाडीकडचा बांध, आणि त्यात जागोजागी उघाड्या. उघाडी म्हणजे वरून टांगलेली लाकडी दारं. ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर जायचं. भरती लागली की खाडीचं पाणीच ती दारं दाबून बंद करायचं. मोटर नाही, वीज नाही. माशाचं बी आत घ्यायचं असेल तेव्हा मात्र माणूस लागायचा. ज्येष्ठ-आषाढातल्या उधाणाला मामा दाराला फळीचा टेकू देऊन थोडी फट ठेवायचे. पाण्याबरोबर बोईंची, कोळंबीची, जिताड्याची बोटाएवढी पिल्लं आत यायची. मामा पाण्यात बोट बुडवून जिभेला लावायचे आणि म्हणायचे, “गोडं झालंय गं, आता बंद करू.” खार मोजायचं त्यांच्याकडचं यंत्र एवढंच.

जिताड्याची पिल्लं घराशेजारच्या तळ्यात सोडायची. पावसाने तळं भरलेलं असायचं. जिताडा खाऱ्या पाण्यात जन्मतो, पण गोड्यात मजेत वाढतो, आणि आयुष्याच्या सुरुवातीला नर असलेला हा मासा मोठा झाला की मादी होतो. त्याला विकतचं खाद्य कोणी घालत नसे. तळ्यातली बारीक मासळी आणि कोळंबी त्याला पुरायची. मेमध्ये पाणी आटलं की चार-पाच माणसं कमरेएवढ्या चिखलात ओळीने जाळं ओढत यायची. एकदा जाळं वर आलं आणि त्यात माझ्या दंडाएवढा जाड जिताडा आपटत होता. पाठ शिसवी, पोट रुपेरी, आणि डोळा उन्हात तांबूस चमकलेला. दोन पावसाळे काढलेला मासा होता तो. आजीने त्याची तुकडी आधी बांधावर काम केलेल्या घरांना पाठवली. आमच्या पानात डोकं आलं, आणि तेच उत्तम असतं हे सीकेपी घरात वेगळं सांगावं लागत नाही.

या शेतीत एका हेक्टरमागे मिळणारा मासा आधुनिक तळ्याच्या तुलनेत अगदी थोडा, हे मी मान्य करते. पण तो मिळवताना खाडीतून काय काढून घेतलं आणि तिला काय परत केलं, याचाही हिशेब मांडायला हवा. आपल्या लेखात तो नव्हता. व्हेनामी ही तळ्यात वाढवायची परदेशी कोळंबी आपल्या देशात 2009 पासून रुजली. एका चौरस मीटरमध्ये 60 पर्यंत पिल्लं सोडायला नियमाची परवानगी आहे. एवढी दाटी झाली की खाद्य बाहेरून आणावं लागतं, त्या खाद्यासाठी समुद्रातली बारीक मासळी दळली जाते, हवा घालायला पंखे रात्रंदिवस चालतात आणि उरलेला गाळ शेवटी खाडीतच जातो. रोग शिरला तर तळंच्या तळं बसतं. 1994-95 मध्ये पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने किनाऱ्यावरच्या कोळंबीवाल्यांची काय गत केली, ते त्या धंद्यातली माणसं अजून विसरलेली नाहीत. जुन्या पद्धतीत भाताचं धसकट कुजून त्यावर कोळंबी जगते आणि कोळंबीच्या विष्ठेवर पुढचा भात. आमच्याकडे तांबडा राता भात व्हायचा. खार सोसणारा, उंच वाढणारा, खत न मागणारा.

हे फक्त आमच्या गावचं कौतुक नाही. गोव्यात उघाडीला मानस म्हणतात आणि तिथली खाजणं, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतं, याच तत्त्वावर उभी आहेत. केरळात पोक्काळी भाताची कापणी झाली की त्याच शेतात एप्रिलपर्यंत कोळंबी धरतात. संध्याकाळच्या भरतीला दाराशी दिवा लावला की कोळंबी उजेडाकडे येते. दूर इटलीत व्हेनिसच्या लगूनचा, म्हणजे समुद्राला जोडलेल्या उथळ सरोवराचा, सुमारे सहावा हिस्सा अशाच बांधबंदिस्त मत्स्यतळ्यांचा आहे. वसंतात पिल्लं आत येतात. शरदात पाणी गार पडलं की मोठा मासा समुद्राच्या ओढीने बाहेर निघतो आणि वाटेतल्या सापळ्यात अडतो. मासा स्वतःहून चालत येतो, त्याचा पाठलाग करावा लागत नाही. त्या पाण्यावर हजारो बदकं, बगळे पोसले जातात. तळं उत्पन्न देतं म्हणूनच ते बुजवून इमारती उठवायचा विचार कोणाला परवडत नाही. पर्यावरणाचा हा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो, आणि तो कुठल्याही प्रकल्प अहवालात दिसत नाही.

ओडिशातल्या चिलिका सरोवराची गोष्ट उलट बाजूने तेच सांगते. तिथे पैसेवाल्यांनी कोळंबीसाठी सरोवरातच घेऱ्या, म्हणजे जाळ्या-बांधांची कुंपणं, घातल्या, समुद्राकडचं मुख गाळाने भरलं, मच्छीमार उपाशी राहू लागले. सर्वोच्च न्यायालयाने 11 डिसेंबर 1996 रोजी एस. जगन्नाथ खटल्यात निकाल दिला. किनारा नियमन क्षेत्रातली आणि चिलिका व पुलिकत या सरोवरांपासून 1000 मीटरच्या आतली कोळंबी तळी पाडा, असा तो आदेश. पण त्याच निकालाने पारंपरिक आणि सुधारित पारंपरिक पद्धतीला किनारा क्षेत्रात मोकळीक ठेवली. म्हणजे न्यायालयालाही दोन्हींतला फरक स्पष्ट दिसला होता. 2000 साली चिलिकाला नवं मुख खोदल्यावर मासळी परतली.

मग आमचे बांध का फुटले? खाऱ्या जमिनींच्या बांधांसाठीचा खारलँडचा कायदा आला 1948 साली. त्याआधीपासून गावात जोळ होती. प्रत्येक घराने आपल्या शेताच्या मानाने बांधावर माती टाकायची, उधाणाच्या रात्री पाळीने फिरायचं. पुढे बांध सरकारी योजनेत गेले आणि लोक म्हणू लागले, सरकार बघेल. माझ्या मते खरी खांड, म्हणजे बांधातलं भगदाड, तेव्हाच पडली. मातीची खांड नंतर गेली. एका उधाणात खारं पाणी शिरलं तर दोन-तीन पावसाळे भात येत नाही. तरुण पोरं मुंबईला जातात आणि जमीन ‘पडीक’ दिसू लागते. शहरात राहणारे आम्ही वारसदारही या खांडीला जबाबदार आहोत. मालकी घेतली आणि मातीची एक पाटी टाकली नाही.

बडोद्याच्या वाचकांना हे कोकणातलं प्रकरण दूरचं वाटू नये. आपल्या कारखान्यांचं सांडपाणी नेणारा कालवा जंबुसर तालुक्यात सारोदजवळ महीच्या खाडीला मिळतो. मासळीचं बी अशाच ठिकाणी, गोडं आणि खारं पाणी भेटतं तिथे वाढतं. दुसरीकडे डभोईजवळचं वढवाणा तळं बघा. गायकवाडी राज्याने 1910 च्या सुमारास शेतीच्या पाण्यासाठी बांधलेलं हे तळं आज महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे, हिवाळ्यात तिथे पट्टकादंब हे दुरून येणारे हंस उतरतात. माणसाने बांधलेल्या पाण्यातही पाखरं येतात, फक्त ते पाणी वर्षानुवर्षं कोणीतरी सांभाळावं लागतं.

आपणास विनंती दोनच. पुढच्या लेखात ‘पडीक’ हा शब्द नको. आणि आपला वार्ताहर एखाद्या आषाढी उधाणाला उघाडीपाशी दोन तास उभा करा. दिवसा नको, रात्रीच्या भरतीला.

गावातल्या काही घरांनी यंदा बांधाची एक खांड स्वतः बुजवायला घेतली आहे. आमच्या वाटणीचे पैसे मी पाठवले. त्या दलालाला नकार कळवला. धाकटा भाऊ अजून विचार करतोय, त्याच्या हिश्शाची सही बाकी आहे. म्हणून हे पत्र त्यालाही वाचायला देणार आहे.

आपली नियमित वाचक,
दांडिया बाजार, बडोदे