विषय : 'सगळं नॅचरल आहे' हे उत्तर नको, कॅप्सूलमध्ये के२ किती ते सांगा

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक, तसेच ग्राहक सेवेचे प्रमुख (असे कोणी असल्यास)

काल दुपारी तुमच्या ग्राहक सेवेशी माझं सहावं आणि शेवटचं बोलणं झालं. एकूण २३ मिनिटं, त्यातली निम्म्याहून जास्त बासरी. ती ऐकून झाल्यावर हे पत्र लिहायला बसलो आहे, तेव्हा नमस्कार-चमत्कार राहू द्या.

तुमचा तो हिरव्या डब्यातला सेव्हन-इन-वन. रेशी, कॉर्डिसेप्स, लायन्स मेन ही तीन मशरूम, त्यात जीवनसत्त्व सी, डी३, के२ आणि झिंक. डब्यावर पुढे 'डी३' इतक्या मोठ्या अक्षरात की चष्म्याशिवाय वाचता येतं. के२ मात्र मागे, बॅच नंबरच्या खाली, भिंगाशिवाय दिसत नाही. आणि सातही घटकांना मिळून आकडा एकच : 'प्रोप्रायटरी ब्लेंड, ५०० मिलिग्रॅम'. म्हणजे मिसळीच्या प्लेटचं वजन सांगायचं आणि आत फरसाण किती, उसळ किती, ते गुपित ठेवायचं.

माझ्या पत्नीच्या हृदयात कृत्रिम झडप आहे. २०१२ पासून ती वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेते. दर महिन्याला आयएनआर तपासतो, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा; तो जितका जास्त, तितकं रक्त पातळ. तिच्यासाठी तो २.५ ते ३.५ च्या दरम्यान राहायला हवा. रक्त त्याहून पातळ झालं तर रक्तस्रावाची भीती, घट्ट झालं तर झडपेवर गुठळी. इतकी वर्षं आम्ही घरात पालक-मेथीसुद्धा मोजून शिजवतो, कारण जीवनसत्त्व के वॉरफरिनच्या थेट विरुद्ध काम करतं. हे तुम्हाला शिकवायची गरज नसावी. ज्या जपानी नावाने तुम्ही 'रेशी' विकता, त्याच जपानमध्ये वॉरफरिन घेणाऱ्याला नाटो खाऊ नका असं बजावून सांगतात. नाटो म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, आणि त्यात भरपूर असतं ते हेच के२.

डबा मीच आणला. तिला थकवा यायचा, जाहिरात बघितली, 'डी३ आहे, बरंच आहे' म्हटलं. मागची बारीक अक्षरं तेव्हा वाचली नाहीत ही माझी चूक, आणि ती मी घरात रोज ऐकतो आहे. १९ दिवसांनी आयएनआर १.७ आला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "नवीन काही सुरू केलंय का?" डबा दाखवला. त्यांनी भिंग काढलं, वाचलं, आणि विचारलं, "के२ किती आहे यात?"

तोच प्रश्न घेऊन मी तुमच्याकडे आलो. कॅप्सूलमुळेच आयएनआर उतरला असं डॉक्टर शपथेवर सांगत नाहीत, मीही सांगत नाही. कॅप्सूल बंद केली, वॉरफरिनचा डोस तात्पुरता बदलला. पण एमके-७ प्रकारचं के२ रक्तात दिवसेंदिवस टिकून राहतं, त्यामुळे किती जपून पुढे जायचं हे ठरवायला आकडा हवा. मायक्रोग्रॅममध्ये एक आकडा. सहा फोन झाले.

पहिल्या पाच फोनांबद्दल फार लिहीत नाही. एकदा 'टेक्निकल टीम'कडे जोडलं आणि फोन कटला. एकदा माझ्या ऑर्डरचा पिनकोड तीन वेळा विचारला. एकदा सांगितलं की ४८ तासांत ईमेल येईल. ईमेल आला, त्यात मशरूम कॉफीवर वीस टक्के सूट होती.

कालचा फोन मात्र सविस्तर सांगतो, कारण तो बहुधा रेकॉर्ड झाला आहे आणि तुम्ही स्वतः ऐकावा अशी इच्छा आहे. फोनवरच्या मुलाने स्वतःची ओळख 'वेलनेस एक्स्पर्ट' अशी करून दिली. नाव लिहीत नाही, पोराची नोकरी जायला नको. मी झडप, वॉरफरिन, आयएनआर सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तो म्हणाला, "सर, मशरूम तर भाजी असते ना. तुम्ही घरी मशरूम नाही खात का?"

मी म्हटलं, मी के२ बद्दल विचारतोय.

"सर, ते व्हिटॅमिन आहे. व्हिटॅमिनने कोणाला काही होत नाही."

मी त्याला समजावलं की के२ वॉरफरिनचा परिणाम कमी करतं. उलट रेशीने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर ती टाळायला सांगतात. तुम्ही दोन्ही एकाच कॅप्सूलमध्ये भरलंय. मग माझ्या बायकोचं रक्त नक्की कुठल्या बाजूला ओढलं जाणार?

पलीकडे थोडी शांतता. कीबोर्डचा आवाज. आणि मग, मोठ्या समाधानाने : "बघा ना काका, एक इकडे ओढतं, एक तिकडे ओढतं. दोन्ही नॅचरल आहेत. म्हणजे आपोआप बॅलन्स होतं."

एका वाक्यात मी 'सर'चा 'काका' झालो आणि माझ्या बायकोची झडप दोरीखेचीचा सामना झाली. मी विचारलं, हे तुम्ही लिहून द्याल का? तर म्हणाला, "लिहून नाही देता येत, पण तुम्ही विश्वास ठेवा." वर पुन्हा, "आमच्या प्रॉडक्टवर लिहिलंच आहे ना, औषध म्हणून वापरू नये." लिहिलं आहे खरं. फक्त तुमच्या जाहिरातीला ते कोणी वाचून दाखवलेलं दिसत नाही.

आता भाजीचा मुद्दा. मी मूळचा कोकणातला. आमच्याकडे पावसाळ्यात वारुळांवर अळंबी उगवतात, आणि ती कोणी काढली, कुठून काढली हे विचारल्याशिवाय कोणाच्याही घरात चुलीवर चढत नाहीत. म्हातारी आजीसुद्धा टोपलीवाल्याला चार प्रश्न विचारायची. तिला 'नॅचरल आहे आजी' असं कोणी सांगितलं असतं तर टोपलीसकट परत पाठवला असता.

दुसरं. मी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षं काढली आहेत. तुमचा दावा आहे की हा अळंबीच्या फळाचा शुद्ध अर्क आहे, 'पॉलिसॅकराइड (साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या) ४० टक्के'. म्हणून मी दोन कॅप्सूल उघडल्या, पूड गरम पाण्यात ढवळली, गार होऊ दिली आणि केमिस्टकडचं टिंक्चर आयोडीन थेंब थेंब टाकलं. पहिले काही थेंब पडताच रंग नाहीसा. ते जीवनसत्त्व सी, ते आयोडीनचा रंग घालवतं. म्हणजे सी आहे, श्रेय देतो. आणखी थेंब टाकले आणि पूड निळी-काळी झाली, आठवीच्या मुलांना दाखवतात तशी. बुरशी स्टार्च साठवत नाही, ती ग्लायकोजेन साठवते, आणि त्याला आयोडीन लागलं की रंग तांबूस येतो. निळा-काळा रंग म्हणजे धान्याचा वा कंदाचा स्टार्च. एकतर तुम्ही भर म्हणून पीठ घातलंय, नाहीतर बुरशीचे धागे धान्यावर वाढवून धान्यासकट दळलेत. स्टार्च हाही पॉलिसॅकराइडच, त्यामुळे तुमचे ४० टक्के खोटे ठरत नाहीत. फक्त त्यातला बीटा-ग्लुकॅन, म्हणजे अळंबीत असणारं पॉलिसॅकराइड, किती हे तुम्ही छापत नाही. आमच्याकडे ज्वारीचं पीठ पत्र्याच्या डब्यात असतं, आणि साठ कॅप्सूलना १,८९९ रुपये पडत नाहीत.

पण पिठाचं मी सोडून देईन. के२ चं सोडणार नाही. किती आहे? मी सहा वेळा विचारलं, हे सातवं.

या पत्राला सात दिवसांत लेखी उत्तर हवं : प्रत्येक घटकाचं प्रमाण, त्या बॅचचा तपासणी अहवाल, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर घेऊ नका अशी सूचना डब्याच्या पुढच्या बाजूला, 'डी३' च्या टाइपात. नाही आलं तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार, एफएसएसएआय या अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडे तक्रार तुमच्या चौदा अंकी परवाना क्रमांकासह, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात अर्ज. निवृत्त माणसाकडे वेळ भरपूर असतो, आणि मी पुण्यात राहतो. बाकी समजून घ्या.

खरं तर राग कमी आणि वाईट जास्त वाटतं. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात हा डबा मीच नेऊन दाखवला होता. चौघांनी माझ्या शब्दावर मागवला. त्यातल्या दोघांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. परवा संध्याकाळी त्यांच्या दारात उभं राहून 'घेऊ नका' सांगताना काय वाटलं, ते तुमच्या ग्राहक समाधान सर्वेक्षणात भरायला रकाना नाही.

आपला माजी ग्राहक,
कोथरूड, पुणे

ता. क. पैसे परत हवे असतील तर उरलेल्या कॅप्सूल कुरियरने पाठवा, असं तुमचा एक्स्पर्ट म्हणाला. ३९ शिल्लक आहेत. परत मिळणार नाहीत. आयोगासमोर एक उघडून दाखवायला लागेल, आणि आयोडीनची बाटलीही अजून अर्धी आहे.