आधी चक्कर की आधी पडणं?

नागपूर,
२१ ऑगस्ट

प्रिय बापू,
सप्रेम नमस्कार.

तुझं पाकीट परवा मिळालं. तुझ्या धाकट्या भावाच्या अपघात विम्याचं कंपनीचं नकारपत्र, पीएम (पोस्टमॉर्टेम) रिपोर्टची झेरॉक्स आणि धाकट्या वहिनींचा जबाब, तिन्ही कागद रात्री दोनदा वाचले. फोनवर तू एवढंच विचारलंस, "अण्णा, लढण्यात काही अर्थ आहे का सांग." अर्थ आहे. पण तो कशात आहे हे फोनवर सांगता आलं नसतं, म्हणून सविस्तर लिहितोय. तुझ्या भावाला मी अर्ध्या चड्डीत आपल्या मागे पळताना पाहिलंय. शिडीवरून पडून आलेल्या त्याच्या मरणाबद्दल हे असं कागदी भाषेत लिहिताना हात जड होतो, पण आता त्याच्यासाठी करता येण्याजोगं हेच उरलंय.

पॉलिसी पैसे देते ती मृत्यू 'केवळ आणि थेट' अपघातामुळे झाला असेल तर, आणि तो अपघात 'बाह्य, हिंसक आणि दृश्य' कारणाने झालेला असेल तर. हे शब्द जवळजवळ प्रत्येक अपघात विम्यात असतात. 'हिंसक' वाचून वहिनी घाबरल्या, त्यांना वाटलं मारामारीच हवी. तसं नाही. शरीराबाहेरच्या कुठल्याही जोराचा आघात यात येतो. माणूस जिन्यावरून घसरला आणि फरशीचा मार लागला, तर फरशी हेच बाह्य कारण. खरा वाद 'केवळ' या एका शब्दावर आहे.

कंपनीचं म्हणणं असं: मे महिन्यातली भर दुपार, पारा ४५ च्या आसपास, माणूस बीपीची गोळी घेणारा. त्याला आधी हृदयाचा त्रास झाला, म्हणून तो शिडीवरून पडला, म्हणजे हे आजाराचं मरण. आधाराला त्यांनी दोन गोष्टी घेतल्यात. एक, मृत्यूच्या दाखल्यावर 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' लिहिलंय. दुसरी, वहिनींचा जबाब.

दाखल्याचं आधी सांगतो. हृदय आणि श्वास थांबणं हे मृत्यूचं कारण नव्हेच, तो मृत्यूच आहे. ट्रकखाली गेलेल्याचंही शेवटी हृदयच थांबतं. डॉक्टरांना दाखला कसा भरावा हे शिकवतात तेव्हाही हेच सांगतात की मरण कशाने ओढवलं ते लिहा, शेवटी काय थांबलं ते नको. पण रात्रपाळीला घाईत तेच दोन शब्द पडतात, आणि क्लेम खात्यात त्या शब्दांवर बोट ठेवणारा कोणी ना कोणी बसलेलाच असतो. बापू, त्या खुर्चीत मी २८ वर्षं बसलो.

एक प्रकरण तुला मी कधीच सांगितलं नाही. काटोलकडच्या संत्र्याच्या बागेत एक शेतकरी विहिरीत बुडून गेला. त्याला पूर्वी फिट येत असे. मी फाइलवर लिहिलं: मृत्यूचे कारण मिरगी, अपघात सिद्ध होत नाही. साहेबांनी सही केली. त्याची बायको एकदा ऑफिसात आली, बाकावर बसून राहिली आणि निघून गेली. पुढे तिने काहीच केलं नाही. कितीतरी वर्षांनी मी १८८० चा विन्सपिअर खटला वाचला. इंग्लंडमध्ये एका माणसाला ओढा ओलांडताना फिट आली आणि तो पाण्यात पडून बुडाला. कोर्ट म्हणालं, मेला तो बुडून, फिटने नव्हे, पैसे द्या. १८८१ च्या लॉरेन्स खटल्यातही तेच. रेल्वे फलाटावर फिट आली, रुळांवर पडला, गाडी अंगावरून गेली. तिथे तर पॉलिसीत फिटमुळे आलेला मृत्यू स्पष्टपणे वगळलेला होता, तरी कोर्टाने म्हटलं की जवळचं कारण गाडी आहे. मी नकार लिहिला त्याच्या शंभर वर्षं आधीचे हे निकाल. त्या बाईचं नाव-गाव मला आजही पाठ आहे, आणि तुझं पाकीट उघडल्यापासून ती बाकावर बसलेली दिसते.

म्हणून हे नीट वाच. तुझ्या भावाला चक्कर आली होती असं घटकाभर धरलं, तरी प्रश्न संपत नाही. चक्कर आल्याने तो मेला, की डोकं फुटल्याने? पीएममध्ये उजव्या कानशिलाचं हाड तडकलेलं, मेंदूवर रक्ताची गाठ, आणि या जखमा 'अँटीमॉर्टम', म्हणजे जिवंतपणीच्या, असं लिहिलंय. हृदयाच्या नळ्या थोड्या अरुंद होत्या हे खरं, पण हृदयाच्या स्नायूला ताजी इजा सापडली नाही हेही त्याच पानावर आहे. कंपनीच्या पत्रात पहिला अर्धा भाग आलाय, दुसरा गाळलाय.

ते आपल्यापुढे २०१९ चा अलका शुक्ला निकाल ठेवतील, तेव्हा गडबडू नकोस. सुप्रीम कोर्टाने त्यात क्लेम नाकारला होता. मोटरसायकल चालवता चालवता त्या माणसाच्या छातीत दुखलं, तो पडला आणि हृदयविकाराने गेला. पडल्यामुळे इजा झाली किंवा त्या इजेमुळे हृदय बंद पडलं, असा पुरावाच नव्हता. आपल्याकडे नेमकी तीच जागा भरलेली आहे. दुसरा निकाल फेब्रुवारी २०२३ चा. बिहारमध्ये २००० च्या निवडणूक बंदोबस्तावर असलेला एक माणूस उष्माघाताने गेला. कोर्टाने सांगितलं, अशा शब्दांच्या पॉलिसीत उष्माघात हा अपघात नव्हे. नागपुरात राहणाऱ्याला हे कडू वाटतं, मलाही वाटलं. रोड बांधणारे आणि हातठेला ओढणारे आपल्याकडे उन्हात पडतात, त्यांच्या घरच्यांना याचं उत्तर काय द्यायचं? पण आज तो आपला वाद नाही. म्हणून तूही कुठल्या अर्जात 'ऊन लागलं होतं' असं भावनेच्या भरात लिहू नकोस. तू ते मन हलकं करायला लिहिशील आणि ते त्यांच्या फाइलला लागेल.

आता वहिनींचा जबाब. याने माझी झोप उडवली. कंपनीकडून तपासाला आलेल्या माणसाने मराठीत लिहून घेतलंय, "सकाळपासून त्यांना घाबरल्यासारखं होत होतं." कंपनीच्या इंग्रजी अहवालात त्याचं झालं 'चेस्ट डिसकम्फर्ट'! अरे, मे महिन्यात आपल्या नागपुरात कोणाला घाबरल्यासारखं होत नाही? कूलर बंद पडला, लाइट गेली, पन्हं प्यायला उशीर झाला की घरातलं पोरगंसुद्धा तेच म्हणतं. त्यात छाती कुठून आली? मूळ मराठी जबाब आणि भाषांतर शेजारी शेजारी लावून दाखवायचं. वहिनींना म्हणावं, मनाला लावून घेऊ नका. तेराव्याच्या आत दारात आलेल्या माणसापुढे कोणीही खरं तेच बोलेल, आणि त्या खरंच बोलल्या.

आपली कच्ची बाजूही तुला माहीत असू दे. त्याला पडताना कोणी पाहिलं नाही. वहिनींनी आवाज ऐकला आणि त्या धावल्या. अपघात झाला हे दाखवायची जबाबदारी सुरुवातीला आपली असते. पॉलिसीतला अमुक अपवाद लागू होतो असं कंपनी म्हणाली, तर तो त्यांनी सिद्ध करायचा, आणि शब्द दोन्हीकडे वळणारा असेल तर अर्थ विमा घेणाऱ्याच्या बाजूने लावायचा, हे कोर्टांनी वारंवार सांगितलंय. पण पहिली पायरी आपल्यालाच चढायची आहे.

आणि पायरीवरूनच आठवलं. त्या दिवशी सरकारी मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीबाहेर तू म्हणाला होतास की शिडीची वरची एक पायरी एका बाजूने निखळली होती. हे घटनास्थळ पंचनाम्यात आलंय का? तुझ्या पाकिटात पंचनामा नाही. पोलीस ठाण्यातून मर्गचे, म्हणजे अकस्मात मृत्यूच्या नोंदीचे, सगळे कागद, पंचनामा, इन्क्वेस्ट (मृतदेहाच्या पाहणीचा कागद) आणि व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने, पाठवला असल्यास सीए (रासायनिक तपासणीचा) रिपोर्ट, यांच्या प्रमाणित प्रती काढ. मेडिकलमधून इनडोअर पेपर मिळव. तो तीन दिवस भरती होता, तेव्हा सीटी स्कॅन झाला असणारच. पीएम करणाऱ्या डॉक्टरांना लेखी एकच प्रश्न विचारायचा आहे: डोक्याची ही इजा एकटी मृत्यूला पुरेशी होती का? त्यांचं उत्तर 'हो' आलं, तर 'केवळ' या शब्दाचं ओझं बरंच उतरतं.

पॉलिसीची पूर्ण प्रतही माग. बँकेने त्याला एका पानाचं सर्टिफिकेट दिलं होतं, अटींची पुस्तिका नाही. जी अट विमेदाराला कधी दिलीच नाही तिच्यावर कंपनीला विसंबता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००० मध्ये मॉडर्न इन्सुलेटर्सच्या प्रकरणात सांगितलंय.

मग आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पुन्हा नकारच आला, तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी. तिथे फी नाही, वकील लागत नाही, पण वर्षाच्या आत जावं लागतं. १० लाखांचा दावा त्यांच्या मर्यादेत बसतो. किंवा सिव्हिल लाइन्समधला जिल्हा ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत. एकाच वेळी दोन्हीकडे जाता येत नाही. माझं मत लोकपालाकडे आधी जावं असं आहे. त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, आपल्यावर नाही, त्यामुळे नंतरही वाट उरते. मधल्या काळात कंपनीने थोडेफार पैसे देऊ केले आणि 'पूर्ण व अंतिम' असं व्हाउचर पुढे केलं, तर मला दाखवल्याशिवाय वहिनींनी सही करायची नाही.

एक गोष्ट तुझ्या ध्यानात आलेली दिसत नाही. त्याचं पासबुक काढून मे-जूनच्या सुमारास २० रुपये कापलेत का ते बघ. कापले असतील तर तो प्रधानमंत्री सुरक्षा विमा आहे, अपघाती मृत्यूला २ लाख. तो क्लेम बँकेतून वेगळा करायचा, आणि तो आजच्या आज कर. उशीर झाला म्हणून नाकारतील या भीतीने थांबू नकोस. खरा क्लेम निव्वळ उशिरामुळे फेटाळू नये, असं विमा नियामकाने २०११ सालीच कंपन्यांना कळवलेलं आहे.

नॉमिनीचं नाजूक आहे. पॉलिसीवर अजून काकूंचं, म्हणजे तुझ्या आईचं, नाव आहे, त्याच्या लग्नाआधी लिहिलेलं. नॉमिनी म्हणजे पैसे स्वीकारणारा हात, मालकी वारसांची, असं सरबती देवी प्रकरणात १९८४ मध्येच ठरलंय. २०१५ च्या दुरुस्तीने आई-वडील, नवरा-बायको, मुलं नॉमिनी असतील तर वेगळा नियम आला, पण तो आयुर्विम्याचा. इथे आई, बायको आणि पोरगी, तिघी सारख्याच वारस. काकू आणि वहिनी दोघींनी मिळून अर्ज करावा, आणि हे बोलणं तू घरात कर, दुसऱ्या कोणाच्या तोंडून काकूंच्या कानावर जाऊ देऊ नकोस.

मंगळवारी मी मेडिकलला जातोय, न्यायवैद्यक विभागात ओळखीचे एक कारकून आहेत. वहिनींचं अधिकारपत्र सोमवारपर्यंत पाठव. आणि बापू, ती शिडी. मागच्या वाड्यात असेल तर तिला हात लावू नका, निखळलेल्या पायरीचे जवळून फोटो काढून ठेवा आणि काकूंना सांग, भंगारवाला आला तरी द्यायची नाही.

तुझा,
अण्णा