फँटसी वाचणारे सगळे तलवारवालेच?

फँटसी कादंबऱ्यांच्या (म्हणजे जादू-तलवारींच्या काल्पनिक जगातल्या गोष्टींच्या) वाचकांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. त्यासाठी बातमीदार आमच्या वाचनगटात येऊन गेले होते. पाऊण तास बोललो. छापून काय आले, तर प्लास्टिकची तलवार उगारलेल्या एका कॉलेजकुमाराचा फोटो आणि वर मथळा, ‘मोठ्यांची भातुकली’. (तलवार त्याच्या धाकट्या भावाची होती, फोटोसाठी मागवून घेतलेली.) मी बँकेत कॅशियर, शेजारी बसलेल्या बाई निवृत्त शिक्षिका. आम्ही दोघे गायब!

ही खोड जुनीच आहे. १९९७ साली ब्रिटनमध्ये वाचकांनी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या फँटसी कादंबरीला शतकातले सर्वोत्तम पुस्तक म्हणून कौल दिला, तेव्हा तिथल्या कित्येक समीक्षकांनी वाचकांच्याच अभिरुचीला नावे ठेवली. २०११ मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही फँटसी कादंबऱ्यांवरची टीव्ही मालिका आली, तर ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या समीक्षिकेने असले साहित्य बायका कशाला वाचतील, असा सूर लावला. वाचणाऱ्या बायकांनी तिला चांगलेच सुनावले.

आपल्या लेखातला ‘वास्तवापासून पळ’ हा शब्दप्रयोग तर फारच झोंबला. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक टोल्कीन १९१६ साली पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत होते. जिवलग मित्र त्यांनी त्याच युद्धात गमावले. त्यांना वास्तव आपण शिकवायचे?

पुढच्या वेळी बातमीदार पाठवाल तेव्हा त्यांना एखाद्या कादंबरीची निदान शंभर पाने वाचून यायला सांगा. चहा आमच्याकडे.

– एक वाचक, डोंबिवली