उपविधीची दुरुस्ती हा नागरिकशास्त्राचा धडा व्हावा

मा. संपादक,
महोदय,

राज्य मंडळाच्या सहावीच्या नागरिकशास्त्रात ग्रामीण आणि शहरी स्थानिक शासन संस्थांची ओळख करून दिली जाते. रचना, मुदत, पदाधिकारी आणि त्यांची कामे पाठ झाली की गुण मिळतात. परंतु गल्लीत कचरा जाळणाऱ्याला कोणत्या नियमाखाली दंड होतो, तो नियम कोणी केला आणि तो बदलायचा तर दाद कोठे मागायची, हे त्याच मुलांना दहावीतही सांगता येत नाही. मार्च 2022 मध्ये मुंबई, पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासकच कारभार पाहत होते. त्या काळात ‘नगरसेवकांची कामे लिहा’ हा प्रश्न सोडवणाऱ्या मुलांना पदावरचा नगरसेवक पाहायलाही मिळाला नाही.

माझी सूचना अशी आहे की, आपल्याच गावात लागू असलेला एखादा उपविधी, म्हणजे स्थानिक संस्थेने कायद्याच्या आधारे केलेला नियम, वर्गात वाचून मुलांनी त्याच्या दुरुस्तीचा मसुदा तयार करावा. कोऱ्या कागदावर नवा नियम लिहायला सांगितले की मुले बंदी आणि दंडावर येऊन थांबतात (मोठ्यांचेही फारसे वेगळे नसते). जुना नियम दुरुस्त करताना मात्र प्रत्येक कलम कोणासाठी आले, ते काढले तर कोणाचे बिघडेल आणि त्याची अंमलबजावणी कोण करणार, याचा शोध घ्यावाच लागतो.

घनकचऱ्याचा विषय यासाठी सोयीचा आहे. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी स्थानिक संस्थांना एका वर्षाच्या आत उपविधी करण्यास सांगितले होते. ओला, सुका आणि घरगुती घातक असे कचऱ्याचे तीन भाग घरातच वेगळे करावेत, कचरावेचकांच्या संघटनांना मान्यता देऊन त्यांना व्यवस्थेत सामावून घ्यावे, परवाना नसलेल्या जागी शंभरांहून अधिक माणसांचा कार्यक्रम करायचा असल्यास तीन कामकाजी दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवावे, अशा तरतुदी त्यांत होत्या. आता वर्गाने विचारावे: आपल्या घंटागाडीत तीन कप्पे आहेत का? रस्त्यावरच्या लग्नाच्या मांडवाची खबर कोणी दिली होती? आपले स्नेहसंमेलन या तरतुदीत बसते का? उपविधीत दंडाची रक्कम आहे, पण कचरावेचकांचा उल्लेख आहे का? अशा प्रश्नांतून मुले आरोग्य निरीक्षकापर्यंत, मुकादमापर्यंत आणि भंगारवाल्यापर्यंत पोहोचतील. पुढे मसुदा, हरकती व सूचना, सभेची मंजुरी आणि अखेर राज्य शासनाची मान्यता हा प्रवास समजला की, 74 व्या घटनादुरुस्तीने शहरी स्थानिक संस्थांकडे सोपवता येतील असे 18 विषय घटनेच्या बाराव्या अनुसूचीत घातले तरी शहराच्या हाती प्रत्यक्षात किती अधिकार उरतो, हेही कळेल.

खेड्यांत ग्रामसभेच्या ठरावावर हेच करता येईल. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात इतर गावांना त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. असा ठराव एखाद्या कुटुंबाने मानला नाही तर ग्रामपंचायतीच्या हाती नेमके काय असते, हा प्रश्न आठवीच्या वर्गाला मुळीच जड नाही. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि अभ्यासासाठी दीड तास मोबाइल व टीव्ही बंद ठेवले जातात. मुलांसाठीच असलेल्या अशा नियमाचा फेरविचार मुलांनी करणे तर अगदी स्वाभाविक ठरेल.

ग्रामसभेत मत मतदारांनाच असते, त्यामुळे मुलांचा मसुदा एखाद्या मतदाराने मांडावा लागेल; त्यासाठी कोणाला पटवायचे, हाही शिकण्याचाच भाग. फेटे बांधून भरवलेल्या अभिरूप सभेत मात्र सगळे ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर होतात आणि दुसऱ्या दिवशी विसरले जातात. निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे आधीच अंगावर असलेल्या शिक्षकांवर नवा उपक्रमही लादू नये. वर्षभरात एकच उपविधी, तोही नागरिकशास्त्राच्या तासिकांतच घ्यावा.

नगरपालिका आणि महापालिकांनी आपले लागू उपविधी, आजवरच्या दुरुस्त्यांसह, मराठीत संकेतस्थळावर ठेवावेत. शाळेकडून आलेल्या मसुद्याला संबंधित अधिकाऱ्याने महिन्याभरात लेखी उत्तर द्यावे आणि सूचना फेटाळली असेल तर कोणत्या कारणाने, हे त्यात स्पष्ट लिहावे.

— एक माध्यमिक शिक्षिका, सातारा