आधी कीर्द, मग खतावणी

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

तुझा पेन ड्राइव्ह मिळाला. त्यातल्या सगळ्या फाइलींच्या प्रिंट दारव्ह्याहून काढून आणायला सांगितलं होतंस, पण मी अजून एकही काढलेली नाही. आधी आमच्या गावच्या सहकारी सोसायटीच्या कॉम्प्युटरवर एकेक उघडून पाहिली. रात्री जेवताना आईला सांगितलं, तर ती म्हणते, "हे पोट्टी शिकून रायली का नुसते कागदं जमा करून रायली?" म्हणून हे पत्र. फोनवर तू "हो बाबा, हो बाबा" म्हणतेस आणि विषय तिथेच संपतो.

झालंय असं, की जवळजवळ प्रत्येक पीडीएफ एकाच जागी सुरू होते. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा १९९१ मध्ये कशी आली, इन्स्टॉल कशी करायची, मग 'हॅलो वर्ल्ड' हा पहिला छोटा प्रोग्राम. पहिला धडा तुझ्याकडे गठ्ठ्याने आहे. लिस्ट, डिक्शनरी, फंक्शन, फाइल वाचणं-लिहिणं इथवर यातली मोजकीच पुस्तकं पोचतात. त्यात एक जाडजूड फाइल तर जुन्या पायथन २ ची निघाली. प्रिंट या शब्दापुढे कंसच नाहीत. आज तसं टाइप केलंस तर लगेच एरर येईल. ती बरी, निदान कळते तरी. पण त्याच पुस्तकात ७ भागिले २ चं उत्तर ३ दिलंय. आताच्या पायथनमध्ये ३.५ येतं, आणि ३ च हवे असतील तर भागाकाराची तिरपी रेघ दोनदा द्यावी लागते. पायथन ३ आली २००८ साली, आणि जुनीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून बंद आहे. ती फाइल काढून टाक, मोह धरू नकोस.

एनपीटीईएल या आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवरचा 'जॉय ऑफ कम्प्युटिंग युजिंग पायथन' हा कोर्स घेतलास ते चांगलं केलंस. नवख्यांसाठीच आहे, १२ आठवड्यांचा. आता तेच तुझं मुख्य पुस्तक. कोर्स सुरू होईपर्यंत हाताला वळण लावायचं तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल बघ. छोटे छोटे व्हिडिओ असतात, थांबवायचे, शेजारी स्वतः टाइप करायचं, मग पुढे जायचं. मराठीतूनही बरेच आहेत, आणि उतरवून ठेवले की इथे घरी आलीस तेव्हा रेंज गेली तरी अडत नाही. बस, हे दोनच. तिसरं काही दिसलं तर नाव लिहून ठेव, उघडू नकोस.

आता मुख्य गोष्ट, वह्यांची. सोसायटीत दिवसभराचे व्यवहार जसे घडले तसे आधी कीर्दीत उतरतात आणि तिथून एकेका सभासदाच्या नावे खतावणीत जातात. सोमवारी काय झालं हे कीर्द सांगते. पण एखाद्याकडे बाकी किती, हे विचारलं तर खतावणीच उघडावी लागते. तुझ्या वह्या म्हणजे नुसती कीर्द आहे, पोरी. तारीख टाकलेली, अक्षर सुंदर, व्हिडिओतलं सगळं उतरवलेलं. पण तू कुठे अडतेस हे त्यातून कोणालाच कळणार नाही, तुलाही नाही.

तेव्हा दुसरी वही कर आणि तिच्यात धड्यांची नव्हे, चुकांची खाती उघड. नेमएररचं (पायथनला नाव ओळखू आलं नाही) एक, टाइपएररचं (न जुळणाऱ्या प्रकारांची सरमिसळ) एक, इंडेंटेशनएररचं (ओळीआधीची मोकळी जागा चुकली) एक. लाल अक्षरांचा तो लांबलचक मजकूर आला की घाबरून वरून वाचायला लागतेस, मी दिवाळीत पाहत होतो. सगळ्यात खालची ओळ आधी वाच, एररचं नाव तिथे असतं. त्या खात्यावर तारीख, चुकलेली ओळ आणि कशाने सुधारली ते लिही. शेवटी एक मोठं खातं ठेव : 'एरर आली नाही, पण उत्तर चुकलं'. तुझा कापूस-वेचणीचा हिशेब आठवतो ना? एका बाईचा २५ किलो, दुसरीचा ३० किलो, आणि तुझ्या प्रोग्रामने एकूण सांगितलं २५३० किलो. आई म्हणाली, याच भावाने वजन लावा बाप्पा. इनपुटमधून आलेला आकडा पायथनला अक्षरं म्हणूनच मिळतो, म्हणून तिने बेरीज न करता एकापुढे एक चिकटवले. आधी इंट, म्हणजे पूर्णांक, करून घ्यावा लागतो. रेंज(१, १०) लिहून दहापर्यंत मोजेल असं समजणं, हेही त्याच खात्यावर. ती नऊवर थांबते.

दर रविवारी तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांचा ताळा, काढायची. नुसती वही वाचत बसायचं नाही. जुन्या नोंदींपैकी एक निवड, वही मिट आणि कोऱ्या स्क्रीनवर तो प्रोग्राम पुन्हा लिही. आला तर खूण कर, नाही तर बाकी पुढे ओढ. आमच्याकडे तेरीज जुळली नाही की आधी जमा आणि नावे यांच्यातल्या फरकाला ९ ने भागून पाहतात. पूर्ण भाग गेला तर कुठेतरी ४५ चे ५४ झाले असावेत असा संशय. तुझ्या खात्यावरही महिन्याभरात दिसेल की बहुतेक चुका दोन-तीनच जातीच्या आहेत.

फोल्डरना 'आठवडा ०१', 'आठवडा ०२' अशी नावं दे. नुसतं १, २, १० लिहिलं तर काही ठिकाणी दहावा आठवडा दुसऱ्याच्या आधी येऊन बसतो. 'फायनल' आणि 'फायनल नवीन' ही नावं बंद.

असाइनमेंटचं एक नीट समजून घे. १२ पैकी सर्वात चांगल्या ८ धरतात, त्यांचे २५ गुण, आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे ७५. प्रमाणपत्राला असाइनमेंटमध्ये १० आणि परीक्षेत ३० तरी लागतात. चार सोडता येतात म्हणून पहिल्या महिन्यातच सोडू नकोस. पोळा, गणपती आणि तुझी कॉलेजची परीक्षा मधेच येणार. मुदत संपल्यावर उत्तरं लागतात तेव्हा चुकलेली प्रत्येक गोष्ट खतावणीत गेली पाहिजे. सुटलेल्या आठवड्याचीसुद्धा.

पुढच्या आठवड्यात खतासाठी दारव्ह्याला जायचंय. छापण्यासारखं नेमकं काय ते त्याआधी कळव. दोन शंभरपानी वह्या घेऊन ठेवल्यात, एसटीने कोणी अमरावतीला निघालं की देतो. आई जवसाची चटणी घालतेय सोबत. डबा परत पाठव, मागचे दोन अजून तुझ्याकडेच आहेत.

तुझे बाबा